विंचवाचं बिऱ्हाड आणि मागे टोचन

तयारी

कुठे जायचं हे पाच मिनिटांत ठरलं. आधी तुळजापूरची देवी, मग नळदुर्ग, मग अक्कलकोट, शेवटी कुडलचा संगम आणि परत सोलापूर. अडलं ते चार सायकलींपाशी. त्या कुठे लावायच्या यावर आमच्या घरात चार दिवस खल चालला होता.

गाडी म्हणजे नवऱ्याच्या मित्राची टेम्पो ट्रॅव्हलर. त्याने ती मोटर कॅरव्हॅन म्हणून रीतसर नोंदवून घेतली आहे. आत चौघांची झोपायची सोय, शेगडी, पाण्याची टाकी, आणि एक असा संडास की ज्याच्याबद्दल प्रवास संपेपर्यंत कोणी अवाक्षर काढायचं नाही असं ठरलं. मोटरहोमला मराठी शब्द शोधत बसायची गरजच नाही, बिऱ्हाड आहे की! विंचवाचं पाठीवर, आमचं चाकांवर. पोरांनी पहिल्या दिवशीच हे नाव पक्कं करून टाकलं.

माणसं सहा. मी, नवरा, नववीतली लेक, सहावीतले चिरंजीव, आणि अमेरिकेहून महिनाभरासाठी आलेले ताई-दाजी. या सगळ्या प्रकरणाचं मूळ दाजी. तिकडे त्यांची तीस फुटी मोटरहोम आहे आणि तिच्यामागे ते आपली छोटी कार जोडतात. चारही चाकं रस्त्यावर, गिअर न्यूट्रलला, आणि निघाले हजार-हजार मैल. मोठी गाडी एकदा मुक्कामाला लागली की हलवायची नाही. गावात जायला कार आणि आसपास भटकायला सायकली. अशा ओढून नेलेल्या कारला तिकडे 'टोड' म्हणतात. ओढलेली ती टोड आणि बेडूक तोही टोड, उच्चार एकच. दाजींनी कारच्या काचेवर बेडकाचं स्टिकर लावलंय आणि या विनोदाचा त्यांना पंधरा वर्षांत कंटाळा आलेला नाही.

"मग इथेही तुझी गाडी मागे जोडू की," दाजी म्हणाले. "दोन-दोन ड्रायव्हर कशाला?"

आपल्याकडे ते चालत नाही. धडधाकट गाडी दुसऱ्या गाडीला बांधून सहलीला नेता येत नाही. टोचन करायचं ते बंद पडलेल्या गाडीला, तेही जवळच्या गॅरेजपर्यंत. दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरच्या आत, मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर लायसन्सवाला माणूस, 'ऑन टो' अशी पाटी आणि वेग पंचविशीच्या आत. नोंदणी केलेला ट्रेलर असेल तर गोष्ट निराळी. हे ऐकून दाजी जरा हिरमुसले. शेवटी असं ठरलं की बिऱ्हाड नवरा चालवेल, आमची बारा वर्षांची हॅचबॅक मागून मी आणीन आणि सायकली बिऱ्हाडाच्या पाठीला लटकतील.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नवऱ्याच्या ओळखीचा वेल्डर आहे. यंत्रमागाचे सुटे भाग बनवता बनवता तो काहीही बनवून देतो. चौकोनी पाइपचा रॅक त्याने एका दुपारीत उभा केला. सायकली चढवून बघितल्या, तर नंबर प्लेट गायब आणि डाव्या बाजूचा लाल दिवाही. वर पुढचं चाक गाडीच्या अंगाबाहेर वीतभर डोकावत होतं. गाडीबाहेर असं काही डोकावलं तर दंड २०,००० रुपये आहे हे मी सांगितलं तेव्हा वेल्डरने पहिल्यांदा हातातली विडी विझवली. रॅक आत सरकवला, सायकलींची तोंडं आळीपाळीने उलटसुलट केली, आणि खाली एका पट्टीवर दिवे आणि नंबर प्लेट पुन्हा बसवली.

दाजींचं समाधान तरीही नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसले. चार सायकली ६० किलो, रॅक २०, एकूण ८०. हे ओझं मागच्या चाकांपासून २ मीटर मागे. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर धरा ४ मीटर. म्हणजे पुढच्या चाकांवरचं ४० किलो वजन उचललं जाणार आणि मागच्यांवर ८० नाही, १२० पडणार. लहानपणी सी-सॉवर बसलेल्या कोणालाही हे कळावं, पण कागदावर बघेपर्यंत मला सुचलं नव्हतं. शिवाय लांब गाडीचं शेपूट खड्ड्यात जसं आपटतं तसं कारचं आपटत नाही. कारवर दहा वर्षं टिकणारा रॅक मोटरहोमवर एका मोसमात तडकतो. तिकडे कित्येक कंपन्या रॅकवर लिहूनच देतात की मोटरहोमला लावू नका. आणि सायलेन्सरचं तोंड कुठे आहे ते बघा, दाजी म्हणाले, माझा एक टायर त्या धुराने मेणासारखा मऊ झाला होता.

वेल्डरने सगळं ऐकून घेतलं. मग नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाला, "हत्ती टांग बे, काय होत नाही."

पहिला दिवस: सोलापूर ते तुळजापूर

४५ किलोमीटरच्या प्रवासाला आम्ही तीन तास लावले. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दह्याचा डबा, चार चादरी असं करता करता नऊ वाजले. दाजींचा नियम असा की पहिल्या १० किलोमीटरनंतर थांबायचं आणि पट्टे पुन्हा ओढायचे. थांबलो तर खरंच दोन पट्टे सैल झाले होते. सायकलींचे टायर आणि गाद्या दबतात, पट्टे बसतात, त्यामुळे पहिली गाठ ही गाठच नसते.

मी मागून कार चालवत होते, त्यामुळे हा सगळा देखावा माझ्यासमोर होता. सगळ्यात बाहेरच्या सायकलीचं पुढचं चाक वाऱ्याने गरगर फिरत होतं, जणू कोणी अदृश्य माणूस पायडल मारतोय. लेक शेजारी बसून व्हिडिओ काढत होती. पुढच्या थांब्याला ते चाक दोरीने बांधलं. वाऱ्यावर तासन्‌तास फिरून बेअरिंगची वाट लागते, हे दाजींनी सांगितलेलं आणखी एक.

कोजागरीला हाच रस्ता माणसांनी भरलेला असतो. सोलापुरातून रात्रभर चालत देवीला जाणाऱ्यांसाठी वाहनं बंद करतात. कॉलेजात असताना ताई आणि मी दोघी चाललो होतो. ताईच्या पायाला फोड आले होते आणि ती घरी येऊन म्हणाली होती की पुन्हा कधी नाही. आता तीच खिडकीतून बघत म्हणते, "पुढच्या वर्षी कोजागरीला येते गं."

घाटात बिऱ्हाड दुसऱ्या गिअरवर आलं. मीही मागोमाग. वर पोचलो तेव्हा कारमध्ये एक गोडसर वास आला. ताई म्हणाली, कुठेतरी गूळ शिजतोय. उसाचे दिवस, मला पटलं. ही नोंद इथे करून ठेवते, कारण दुसऱ्या दिवशी ती महागात पडली.

तुळजापुरात बिऱ्हाड बाहेरच्या पार्किंगला उभं केलं आणि तिथेच कारचं महत्त्व कळलं. देवळाकडच्या गल्ल्यांत ती ट्रॅव्हलर शिरली असती तर मागे सायकली, पुढे प्रसादाच्या पाट्या आणि मध्ये नवरा असा देखावा झाला असता. महाद्वारातून आत, पायऱ्या उतरून कल्लोळ तीर्थ, गोमुख, मग रांग. दर्शनाला दीड तास. हळद-कुंकवाच्या पुड्या, परड्या, कवड्यांच्या माळा, सगळं ताईने पिशवीभर घेतलं. रात्री नवरा आणि चिरंजीव तंबूत, बाकी आम्ही बिऱ्हाडात. झोप बरी लागली.

दुसरा दिवस: तुळजापूर ते नळदुर्ग

नळदुर्ग १४ किलोमीटर राहिलं होतं तेव्हा बॉनेटमधून वाफ आली.

खरं सांगायचं तर इंजिनच्या तापमानाचा काटा आधीच वर चढला असणार. मी बघितलाच नाही. मी पुढच्या सायकलींकडे बघत होते, पट्टा सुटतोय की काय म्हणून. गाडी कडेला घेतली, हॉर्न वाजवून बिऱ्हाड थांबवलं. तो गोडसर वास आता एवढा होता की गूळ-बिळ म्हणायची सोयच नव्हती. इंजिन थंड ठेवणारं कूलंट गोडसर वास मारतं. रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी पाइप, चिरला होता आणि कालच्या घाटापासून थेंब थेंब गळत आज पूर्ण फाटला होता. गरम असताना झाकण उघडायचं नाही एवढं शहाणपण सगळ्यांकडे होतं. अर्ध्या तासाने टाकीतलं पाणी ओतलं तर ते वरून घालावं आणि खालून जावं. टेप गुंडाळली, तीही सुटली. शेजारच्या ढाब्यावाल्याने नळदुर्गच्या एका मिस्त्रीचा नंबर दिला. मिस्त्री म्हणाला, "चालू करू नका. टोचन करून आणा."

दाजींच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी जन्मात विसरणार नाही. चार दिवस ज्याला नाही म्हटलं तेच करायची वेळ आली होती, तीही कायद्याला धरून.

डिकीत जॅकच्या शेजारी एक जाड हूक असतो, तो काढला. पुढच्या बंपरवरची छोटी टोपी खुपसून उघडायची आणि तो आत फिरवायचा. नवरा दहा मिनिटं फिरवत होता, बसेना. मग दाजींनी उलटा फिरवला आणि बसला. काही गाड्यांना त्याचे आटे उलटेच असतात. बिऱ्हाडाच्या बंपरखाली ओढायचा हूक होता, त्याला दोरखंड बांधला. मध्ये अंतर साडेचार मीटर. दोरी लांबून दिसायला हवी म्हणून मधोमध लाल सोलापुरी टॉवेल बांधला. पाटीसाठी पांढरं काही सापडेना, शेवटी ताईने साडीचा खोका फाडून दिला. काळी अक्षरं लिहायला तिच्याच पर्समधली काजळाची पेन्सिल. 'ऑन टो'. एवढी सुबक पाटी त्या रस्त्यावर याआधी कोणी पाहिली नसेल.

आणि सायकली? त्या होत्या तिथेच, दोन्ही गाड्यांच्या बरोबर मध्ये. नवरा म्हणाला, "राहू दे की. दोरी लांब आहे." दाजी काही बोलले नाहीत. बहुधा मुद्दामच.

मी कारमध्ये बसले. किल्ली ऑनवर, नाहीतर स्टिअरिंग कुलूप होतं. गिअर न्यूट्रल. इंजिन बंद असलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते आणि मग पायडल दगडासारखं होतं, हे मला वाचून माहीत होतं. पायाला ते पहिल्यांदा कळलं. दोनशे मीटर गेलो असू. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर. नवऱ्याने वेग कमी केला. दोरी सैल पडली, माझी गाडी पुढे घरंगळली, मी सगळा जोर लावून ब्रेक दाबला आणि चिरंजीवांच्या सायकलीचं पायडल माझ्या काचेपासून हातभर अंतरावर येऊन थांबलं. लाल दिवे तर मला दिसलेच नव्हते, हँडल आणि चाकांच्या आड गेले होते.

ट्रॅक्टरवाला हात करून गेला. दोन ट्रॉल्या, ना पाटी ना दिवा. वीस हजारांच्या भीतीने आम्ही वीतभर चाक आत घेतलं होतं.

आता दाजी बोलले. तिकडे दोरी नसतेच. त्रिकोणी लोखंडी दांडा असतो, कारच्या पुढच्या भागात त्यासाठी वेगळी पट्टी बोल्ट केलेली असते, त्यामुळे अंतर कधी कमी-जास्त होत नाही. वरून साखळ्या. कारच्या ब्रेकवर बसवलेलं एक यंत्र असतं, मोठ्या गाडीने ब्रेक मारला की तेही मारतं, आणि जोड तुटलाच तर एक वायर खेचली जाऊन कार आपोआप थांबते. एवढं सगळं असूनही सायकली मध्ये लावणं नाजूकच. सरळ रस्त्यावर भरपूर जागा दिसते, पण वळताना कारचं नाक एका बाजूने रॅकच्या जवळ येतं. दाजी पहिल्याच वर्षी एका पेट्रोल पंपावर झटक्यात वळले आणि ताईच्या सायकलच्या हँडलने बॉनेटला खळगा पाडला. तेव्हापासून आधी मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं, कोणीतरी खाली उभं राहून बोटांनी अंतर मोजायचं. रॅक आणि दांडा दोन्ही बसावेत म्हणून हूकला जोडनळी लावून लांब करतात. त्या लांबीने हूकची ताकद बरीच कमी होते, हे विकणारा सांगत नाही. आणि मागे तर जाताच येत नाही. चार चाकांवर उभी असलेली कार ढकलली की तिचं स्टिअरिंग भलतीकडे पळतं. चुकीच्या गल्लीत शिरलात की उतरा, कार सोडवा, गाडी फिरवा, पुन्हा जोडा.

"हे काल सांगायचं ना," नवरा म्हणाला.

"काल तू विचारलंस कुठे?"

रॅक रिकामा केला. दोन सायकली बिऱ्हाडात मधल्या वाटेत आडव्या घातल्या, त्यांच्या चेनचं ग्रीस ताईच्या पंजाबी ड्रेसला लागलं. उरलेल्या दोन कुठेच मावेनात. तेव्हा चिरंजीवांनी अगदी साधी गोष्ट विचारली. आपण वीसनेच जाणार ना? मग मी चालवतो की.

आणि खरंच, आमचं टोचन ताशी वीसच्या आसपास चाललं होतं आणि दाजी आणि चिरंजीव सायकलवरून कडेकडेने आमच्याबरोबर. उतारावर ते पुढे, चढावर आम्ही पुढे. मी दोरी ताणलेली ठेवायची म्हणून ब्रेकवर हलका पाय ठेवून, मान पुढे काढून लाल दिव्यांवर नजर रोखून बसले होते. घामाने हात स्टिअरिंगला चिकटले. गाडी चालवण्यापेक्षा ओढली जाणं जास्त दमवतं, हे माझं मत आता पक्कं आहे. एका वस्तीपाशी पारावर बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, "वरात हाय का काय?" अठ्ठावन्न वर्षांचे दाजी घंटी वाजवत ओरडले, "हो, आणि मी नवरदेव!"

पन्नास मिनिटांत गॅरेज. सायकलवाले आमच्या आधी चार मिनिटं पोचले होते आणि चहा सांगून बसले होते.

तिसरा दिवस: नळदुर्ग

मिस्त्रीने सकाळी गाडी उघडली. "इंजिनचं हेड वाचलंय बघा ताई. अजून दोन किलोमीटर पळवली असती तर गेली असती कामातून." होज आणि थर्मोस्टॅट बदलायचा, माल सोलापूरहून दुपारच्या एसटीने येणार. म्हणजे दिवस मोकळा.

सायकली आणल्याचं सार्थक झालं ते त्या दिवशी. किल्ला एवढा पसरलेला आहे की पायी गेलं तर अर्धा बघून माणूस परत फिरतो. आम्ही मुक्कामाच्या जागेपासून सायकलवर दरवाज्यापर्यंत गेलो आणि तिथे सायकली लावून आत. बोरी नदीला किल्ल्याच्या पोटात घेऊन बांध घातलाय, त्या बांधाच्या आत पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली तो झाला, आणि बांधणाऱ्याचं नाव मीर इमादीन. पावसाळ्यात बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि आतल्या महालात बसून पाण्याचा पडदा बघता येतो. आम्ही डिसेंबरात गेलो, धबधबे कोरडे. लेक खट्टू झाली. पण आत सज्जात उभं राहिल्यावर नदीकडून आलेला गारवा अंगावर आला आणि ती बराच वेळ तिथून हलली नाही. मग उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या. वर लांबलचक तोफा आणि चहूकडे ज्वारी.

परत येताना खंडोबाला गेलो. नळदुर्ग आणि शेजारचं अणदूर या दोन गावांत खंडोबाची मूर्ती एकच. वर्षातला काही काळ देव इथे, बाकीचा तिथे. वाजतगाजत नेतात, आणतात. चिरंजीव म्हणाले, "म्हणजे देवाचंही बिऱ्हाड!" पुजाऱ्यांनी ऐकलं आणि हसले.

संध्याकाळी गाडी तयार. मिस्त्रीने बिल केलं ते मी मनात धरलेल्या आकड्याच्या निम्मं होतं. वर मला सांगून ठेवलं, "काट्याकडं बघत जावा." दाजींनी त्याच्या गॅरेजमधला टोचनचा दांडा पाहिला, पाइप वाकवून केलेला, अगदी त्यांच्या अमेरिकन दांड्यासारखा त्रिकोणी. दोघांनी अर्धा तास त्यावर चर्चा केली. एकाला मराठीतले सुट्या भागांचे शब्द आठवत नव्हते, दुसऱ्याला इंग्रजी येत नव्हतं, पण बोटांनी आणि पान्यांनी सगळं कळत होतं.

चौथा दिवस: अक्कलकोट

रस्ता मध्ये मध्ये उखडलेला. अक्कलकोटला उतरून बघितलं तर रॅकच्या उजव्या कोपऱ्यातलं वेल्डिंग केसाएवढं तडकलेलं. हत्ती राहू दे, साठ किलोत ही अवस्था. नवरा काही बोलला नाही, फक्त फोटो काढून वेल्डरला पाठवला. उत्तर आलं, "रस्ता खराब हाय बे."

आता सायकली पुन्हा कुठे? दोन बिऱ्हाडात. दोन कारच्या टपावर, खाली सोलापुरी चादर दुहेरी घडी करून, वरून दोरी खिडक्यांतून आरपार. दाजी डोक्याला हात लावून बघत होते. मग हळूच म्हणाले, "तिकडे मीपण शेवटी असंच केलं. कारच्या मागे वेगळा रॅक लावला आणि सायकली तिथे टाकल्या. मधली कटकटच नको."

"म्हणजे तुमच्या सायकली आता मध्ये नसतातच?"

"पाच वर्षं झाली."

ताई एवढी हसली की तिला ठसका लागला.

स्वामी समर्थ १८५६ च्या सुमारास अक्कलकोटला आले आणि १८७८ मध्ये समाधी घेईपर्यंत इथेच राहिले. वटवृक्षाखाली बसल्यावर ताई पहिल्यांदाच फोन न काढता अर्धा तास गप्प होती. दुपारी अन्नछत्रात जेवण. राजवाड्यातला शस्त्रांचा संग्रह बघायचा होता, पण पोरांचे पाय दुखत होते, राहिला. रात्री रस्त्याकडेच्या शेतात पहिला हुरडा मिळाला. कणसं अजून जरा कोवळी होती, पण त्या शेतकऱ्याने आमच्यासाठी आगटी पेटवली आणि तव्याशिवाय, चटणीशिवाय, नुसत्या गुळाबरोबर आम्ही खाल्ला.

पाचवा दिवस: कुडल आणि घर

अक्कलकोटहून सोलापूर, गावात न थांबता विजापूर रस्ता, वडकबाळला सीनेवरचा पूल, मंद्रूप, आणि मग आत हत्तरसंग-कुडलला. शेवटचे सहा किलोमीटर चौघं सायकलवर. काळी जमीन, दोन्हीकडे ज्वारी आणि मध्येच ऊस. सीना इथे भीमेला मिळते. संगमाला पाणी कमी होतं, पण दोन नद्यांचे रंग वेगळे दिसत होते.

संगमेश्वराच्या देवळात एक तुळई आहे. तिच्यावर शके ९४०, म्हणजे १०१८ साली कोरलेली ओळ. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी ती उजेडात आणली. 'वाछि तो विजेया होईवा'. वाचील तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वीचं मराठी, आणि लेकीने कोणाच्या मदतीशिवाय अर्थ लावला. शेजारी शेकडो लहान मुखं कोरलेलं शिवलिंग. चिरंजीव ती मोजायला बसले. ३५९ आहेत असं सांगितल्यावरही मोजतच राहिले आणि शंभराच्या पुढे चुकले.

संध्याकाळी घरी. आमची गल्ली अरुंद. बिऱ्हाड मागे घेऊन लावायचं म्हटल्यावर अर्धी गल्ली बाहेर आली. "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या... बास बास!" रिकामा, तडकलेला रॅक शेजाऱ्यांच्या कंपाउंडपासून चार बोटांवर थांबला. दाजी खाली उकिडवे बसून अंतर बघत होते, नवरा आरशात, ताई डाव्या बाजूला, पोरं उजव्या. सगळ्यांच्या नजरा मागे. बिऱ्हाड जागेवर लागलं आणि टाळ्या झाल्या.

मग मी कार पोर्चमध्ये घेतली. काटा बघितला, अगदी मधोमध होता. आरसे बघितले. पोर्चच्या स्लॅबखाली शिरले आणि डोक्यावर कडाऽऽड आवाज झाला.

चादरीमुळे टपाला मात्र एक ओरखडाही नव्हता.